डिस्कॉर्डवर आवाज जात नाही? आधी पिन बघा

"अरे, तुझा आवाज येत नाहीये" असं कुणी म्हटलं की बरेच जण डिस्कॉर्ड (गेम खेळताना एकमेकांशी बोलायचं अ‍ॅप) काढून पुन्हा इन्स्टॉल करतात. वेळ वाया. आधी विंडोजच्याच साऊंड रेकॉर्डरमध्ये (विंडोज १० वर व्हॉइस रेकॉर्डर) दहा सेकंद बोला आणि ऐका. तिथेही शांतता असेल, तर डिस्कॉर्डला हात लावायचं कारणच नाही.

मग बघा पिन. मोबाईलच्या इअरफोनच्या ३.५ मिमी पिनवर तीन रिंगा असतात, म्हणजे चार भाग: डावा, उजवा, ग्राउंड आणि माइक. डेस्कटॉपचं हिरवं सॉकेट सहसा तीनच भागांचं असतं. माइकसाठी गुलाबी सॉकेट वेगळं. त्यामुळे ऐकू सगळं येतं, पण आपलं बोलणं पुढे जात नाही. यावर स्प्लिटर मिळतो, फक्त नीट बघून घ्या. एका बाजूला सॉकेट आणि दुसरीकडे हेडफोन-माइकची चिन्हं असलेल्या दोन पिना हव्यात. एक पिन आणि दोन सॉकेटं असलेला बहुधा दोघांनी मिळून गाणी ऐकायचा असतो, तो इथे निरुपयोगी. लॅपटॉपला एकच सॉकेट असेल तर बहुतेक वेळा चार भागांची पिन थेट चालते.

पिन ठीक असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग मायक्रोफोन. तिथल्या अ‍ॅपच्या यादीत डिस्कॉर्डचं वेगळं बटण शोधत बसू नका. खालचं डेस्कटॉप अ‍ॅप्सचं बटण चालू हवं, डिस्कॉर्ड त्यातच येतं.

रेकॉर्डरमध्ये आवाज आला असेल तर डिस्कॉर्डमध्ये यूझर सेटिंग्ज, व्हॉइस अँड व्हिडिओ. इनपुट डिव्हाइस 'डिफॉल्ट'वर न ठेवता माइकचं नाव निवडा. वेबकॅम किंवा गेमचा कंट्रोलर जोडला की डिफॉल्ट कधीकधी गुपचूप त्याच्यावर जातं. शब्दांची सुरुवात तुटत असेल तर इनपुट सेन्सिटिव्हिटीचं (किती आवाज झाला की माइक उघडायचा, याची सेटिंग) ऑटोमॅटिक बंद करा. पंखा चालू ठेवून गप्प बसा, पट्टी कुठवर हलते ते पाहा आणि खूण त्याच्या किंचित पुढे ठेवा. फार पुढे नेली तर हळू बोललेलं गिळलं जातं. पुश टू टॉक (बटण दाबून धरलं तरच माइक चालू) फक्त एखाद्या गेममध्येच चालत नसेल, तर तो गेम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू असण्याची शक्यता मोठी. मग डिस्कॉर्डही तसंच सुरू करा.

ब्लूटूथवाल्यांची तक्रार वेगळीच: माइक चालू झाला की गेमचा आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो. हेडसेट बिघडलेला नसतो. चांगल्या स्टीरिओसाठीचं प्रोफाइल (ब्लूटूथची आवाज पाठवायची पद्धत) एकाच दिशेने चालतं. माइक मागितला की जोडणी फोन-कॉलच्या प्रोफाइलवर जाते आणि तिथे सॅम्पलिंग (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो) बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झच. इनपुटला लॅपटॉपचा माइक आणि आउटपुटला हेडसेटचा स्टीरिओ पर्याय निवडला की गेमचा आवाज पूर्ववत.