नखावरची रेघ

त्या दिवशी सकाळी माझा सेमिनार होता. मी मानसोपचार विभागात दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट होते आणि विषय मीच मागून घेतला होता: स्किझोफ्रेनिया, धूम्रपान आणि पंधरावं गुणसूत्र. निकोटीन पेशीवर जिथे जाऊन चिकटतं त्या रिसेप्टरची काही जनुकं तिथे एकमेकांना खेटून बसलेली आहेत. २००८ साली तीन गटांनी जवळपास एकाच वेळी त्या जागेवर बोट ठेवलं. तिथला एक छोटासा बदल ज्यांच्यात असतो, ते त्याच्या प्रत्येक प्रतीमागे दिवसाला साधारण एक सिगारेट जास्त ओढतात. २०१४ मध्ये स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या १०८ जागांची यादी आली, तर हाच पट्टा तिथेही हजर. मग जनुक आजाराकडे नेतं, की आधी सिगारेटकडे आणि सिगारेट पुढे आजाराला हातभार लावते? फिशरचाही किस्सा सांगितला. एवढा मोठा संख्याशास्त्रज्ञ, पण सिगारेट आणि कॅन्सर दोन्ही एकाच जनुकातून येत असतील, असं म्हणत राहिला. स्वतः पाइप ओढायचा आणि तंबाखू कंपन्यांना सल्लाही द्यायचा. सर हसले. मी खुशीत.

दुपारी ऑर्थोचा, म्हणजे हाडांच्या विभागाचा, कॉल आला. ‘तुमचा पेशंट दोन दिवस नुसता झोपून आहे. गोळ्या बघून जा.’

पेशंट म्हणजे दादा. बहीण दादा म्हणायची, म्हणून आम्हीही. वय पंचेचाळीस, स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिनच्या गोळ्या, ४०० मिलिग्रॅमवर आठ वर्षं छान चाललेलं. पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, म्हणून दहा दिवसांपूर्वी दाखल झाले होते. ऑर्थोवाल्यांनी वेदनाशामक गोळ्या बंद करून पाहिल्या होत्या, सीटी स्कॅन नॉर्मल होता, ताप नव्हता. मी हाक मारली तर डोळे उघडले, ‘हं’ म्हणाले, परत मिटले. उशी लाळेने भिजलेली. बहिणीने पाण्याचा ग्लास हातात दिला, तेवढ्यात हाताला झटका बसला आणि पाणी माझ्या ॲप्रनवर.

नाडी बघायला हात धरला, तेव्हा नखं दिसली. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची नखं पिवळी-तपकिरी. पण मुळाशी, जेमतेम मिलिमीटरभर, नख स्वच्छ गुलाबी होतं. मध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ. दहा दिवसांत नख तेवढंच वाढतं.

पोटात गोळा आला. पॅच मीच लिहून दिला होता. दाखल झाले त्या दिवशी मी केसपेपरवर ‘धूम्रपान +’ असं लिहिलं, तलफ येऊ नये म्हणून निकोटीनचा पॅच लावायला सांगितला आणि सिगारेटचा विषय मिटला असं समजले. किती ओढता, हे विचारलंसुद्धा नव्हतं. आता बहिणीला विचारलं. रोजच्या तीस.

गोम अशी की क्लोझापिनच्या बाबतीत निकोटीनला काही अर्थ नसतो, धुराला असतो. धुरातल्या डांबरी द्रव्यांमुळे यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम वाढतं आणि क्लोझापिन मोडायचं काम मुख्यतः त्याचंच. ओढणाऱ्या माणसाला डोस जास्त लागतो तो म्हणून. धूर थांबला की आठवडाभरात एन्झाइम मूळ पदावर येतं आणि तीच गोळी रक्तात साठत जाते. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. आणि त्या एन्झाइमचं जनुक कुठे? त्याच पंधराव्या गुणसूत्रावर, सकाळी मी पडद्यावर दाखवत होते त्या पट्ट्यापासून डीएनएच्या जेमतेम ४० लाख अक्षरांवर. निव्वळ योगायोग आहे, पण त्या दिवशी तो मला फार लागला.

सरांना फोन केला. ते रागावले नाहीत, ‘पॅच कोणी लावला?’ एवढंच विचारलं. रात्रीचा डोस थांबवला, रक्त पाठवलं, दुसऱ्या दिवसापासून २५० केला. नशीब, फिट आली नाही. तीन दिवसांनी रिपोर्ट आला: क्लोझापिनची पातळी पूर्वीच्या दुपटीहून जास्त. तोवर दादा उठून बसले होते आणि पेपर मागत होते.

बहीण मला बाहेर घेऊन गेली. ‘डॉक्टर, हे आमच्या घराण्यातच आहे का हो? वडीलही असेच ओढायचे, शेवटी शेवटी एकटेच बोलायचे.’ मी म्हटलं, ‘कल असतो ताई, पण एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही.’ ती गप्प. मग खरा प्रश्न आला. ‘माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. परवा दप्तरात पाकीट सापडलं. रक्त तपासून कळेल का काही?’

नाही कळत. शेकडो जागांचा चिमूट-चिमूट वाटा असतो, एकट्या मुलाबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही. मी एवढंच सांगितलं, की काहींच्या मेंदूला ‘आता पुरे’ ही खूण नीट पोचत नाही, उंदरांमध्ये तसं दिसलंय. पण ते जनुक असलं तरी त्याला काम मिळतं ते पहिली सिगारेट पेटल्यावर. ‘त्याला ओरडू नका, माझ्याकडे आणा,’ म्हटलं. ती मान हलवून गेली. मुलगा काही आला नाही.

डिस्चार्ज कार्डावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: सिगारेट पुन्हा सुरू केली तर लपवू नका, आधी फोन करा. कारण मग उलटं होतं. २५० अपुरे पडतात आणि आजारातले, फक्त त्यांनाच ऐकू येणारे आवाज परत येतात. दादांनी ते वाचलं आणि विचारलं, ‘म्हणजे ओढली तर तुम्ही गोळी वाढवणार?’ म्हटलं, ‘वाढवावी लागेल.’ ‘मग नको,’ म्हणाले. गोळीने वजन वाढतं, यावर त्यांचा जुना राग.

सहा आठवड्यांनी कुबडी टेकत ओपीडीत आले. खुर्चीत बसायच्या आधीच हात टेबलावर पालथा ठेवला. रेघ नखाच्या मध्यावर आली होती. डोस २५० च ठेवला.