तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मिगच्या डाव्या पंखावर चक्र का नाही

घरी येणारा माणूस आधी पाणी पितो, मग कपाटातल्या, मी केलेल्या मिग-२१ लढाऊ विमानाच्या मॉडेलकडे बघतो, मग विचारतो. उजव्या पंखावर हवाई दलाचं तिरंगी चक्र आहे, मग डाव्यावर का नाही? पडलं? राहून गेलं? की मुद्दाम ठेवलंय? २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ना निरोप दिला, तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला, आणि तेव्हापासून तर विचारणाऱ्यांना ऊतच आलाय. सोसायटीतले एक काका नुसतं ते बघायला म्हणून येऊन गेले. बघून म्हणाले, "एवढं केलंस, मग एवढ्याशासाठी कशाला ठेवलंस?"

मी अकरा वर्षं एकच उत्तर देत आलोय. "अण्णांनी हात लावला." अण्णा म्हणजे माझे वडील. लोक हसतात, म्हातारपणी असंच होतं म्हणतात, तेवढ्यात चहा येतो आणि विषय संपतो. आता जरा नीट सांगतो. एकदाच. यापुढे कोणी विचारलं की हे वाचायला देणार.

पहिली गोष्ट, त्या चक्राला स्टिकर म्हणू नका, ते डिकॅल. स्टिकर स्कूटरवर लावतात. डिकॅलला पाठीमागे चिकटपणा नसतो तसा. कागदावर डिंकासारखा थर असतो आणि त्यावर छापलेली, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी फिल्म. चिमट्यात धरून कोमट पाण्यात दहा-वीस सेकंद बुडवायची, काढून टिश्यूवर ठेवायची, आणि कागदावरून सरकायला लागली की ओल्या ब्रशने विमानावर ढकलायची. मग दोन बाटल्या. मायक्रो सेट खाली, चिकटण्यासाठी. मायक्रो सोल वरून, फिल्म मऊ करण्यासाठी. ती इतकी मऊ पडते की पत्र्याच्या जोडरेषांत उतरते आणि रंगवल्यासारखी दिसते. खालचा रंग खरखरीत असेल तर फिल्मखाली हवा अडकून चंदेरी झाक दिसते, म्हणून खालचा पृष्ठभाग काचेसारखा हवा.

आणि मुख्य म्हणजे, सोल लागलं की डिकॅलला सुरकुत्या पडतात. दुधावर फुंकर घातल्यावर साय गोळा होते तशा. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. अशा वेळी करायचं एकच, ते म्हणजे काही नाही. उठून जायचं. वाळता वाळता फिल्म आपली आपण ताणून बसते. हे मला ठाऊक होतं. मी दोन-तीन जणांना शिकवलंही होतं. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे मला अडाण्याचा आव आणायला जागा राहू नये.

रंगाचं थोडक्यात. हे एफएल जातीचं मिग, १/७२ प्रमाणातलं. खऱ्याच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, याचा जेमतेम १० सेंटिमीटर. एफएलच्या पोटात तोफ नव्हती, लागली तर जीपी-९ नावाचा तोफेचा वेगळा पॉड खाली टांगायचे. ही विमानं उघड्या पत्र्याच्या रंगात उडत, म्हणून चंदेरी. "चंदेरी काय, एकच तर रंग" असं म्हणणाऱ्यांनी एकदा मारून बघावा. आधी चकचकीत काळा, त्यावर लॅकरचे अगदी पातळ हात, एअरब्रशने. काळ्यात धुळीचा एक कण राहिला तरी चंदेरीत तो मुरमासारखा वर येतो. मग पाणीपेपर, पुन्हा काळा, पुन्हा चंदेरी. शेपटीकडचा उष्णतेने काळवंडलेला पत्रा वेगळ्या छटेचा, त्यासाठी मास्किंग टेप, आणि टेप काढताना खालचा रंग सोबत येतो की काय ही धाकधूक. शिवाय नाशिकच्या पावसाळ्यात लॅकर दमट हवेने पांढुरका पडतो आणि मे महिन्यात विमानावर पोचायच्या आत वाळून भुकटी होतो. म्हणजे उरते दिवाळी ते होळी. त्या एका मोसमात मी चार वेळा रंग खरवडून काढला.

कशासाठी, हेही तुम्ही विचारता. अण्णांसाठी. म्हणजे मी तसं सांगतो.

अण्णा १९७१ला नाशिकजवळच्या ओझरला, मिग बनवणाऱ्या कारखान्यात लागले, पेंट शॉपला. मिगचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, ही वाटणी आमच्या घरात पाढ्यांसारखी पाठ होती. त्यापुढे मात्र ते कामाबद्दल बोलत नसत, तिथली शिस्तच तशी. थिनरचा वास तेवढा घरी यायचा. आई डबा घासताना म्हणायची, आज प्रायमर होता वाटतं. ते हसायचे. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी किती विमानांवरून हात फिरवला असेल, मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मी मॉडेलं करायला लागलो तेव्हा ती त्यांनी लांबूनच पाहिली. एकदाच डिकॅलची शीट उजेडात धरून म्हणाले, "आम्ही स्टेन्सिल कापून मारायचो. हे तर तयारच येतं." बास, एवढंच. वाईट हेतूने नव्हे, हे आज कळतं. तेव्हा ते वाक्य मला चार वर्षं टोचत होतं. त्यामुळे एफएल करायला घेतलं ते वडिलांच्या प्रेमापोटी की त्यांना एकदा दाखवून द्यायचं म्हणून, याचं उत्तर मी दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळं देतो. सकाळी प्रेम.

२०१४चा फेब्रुवारी, रविवारची दुपार. टेबलावर पिवळा लॅम्प, वाटीत कोमट पाणी. अण्णा न विचारताच खुर्ची ओढून बसले होते, चष्मा कपाळावर. उजव्या पंखाचं चक्र बसलं होतं. बाहेर केशरी, मग पांढरं, मधे हिरवं. सगळं मिळून करंगळीच्या नखापेक्षा लहान. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "मधोमध आहे." माझ्या आयुष्यात त्यांनी माझ्या कामाला दिलेला हा बहुधा पहिला शेरा.

डाव्याच्या वेळी मायक्रो सोल संपलं. एका मित्राने दिलेली बिनलेबलची बाटली होती, फार जहाल, त्याने बजावलंही होतं. शीट जुनी होती. थांबायला हवं होतं. थांबलो नाही, कारण ते बसले होते आणि "मधोमध आहे" अजून कानात होतं. एक थेंब टाकला.

सुरकुत्या पडल्याच, पण नेहमीच्या नाहीत. चक्र एका बाजूने गोळा व्हायला लागलं, पांढरं कडं केशरीवर चढलं. मी कापसाची काडी उचलली. अण्णा म्हणाले, "हात लावू नको. थिनरच आहे ते. उडू दे. बसेल."

बरोबर बोलले. अगदी बरोबर. मी इतरांना शिकवतो तेच. पण ते त्यांनी म्हणावं, तेही बाटली न बघता, नुसत्या वासावरून, आणि त्याच आवाजात ज्यात "हे तर तयारच येतं" म्हणाले होते. मी काडी टेकवली. हलकीच. हिरवा ठिपका कापसाला चिकटून आला आणि पांढरं कडं त्याच्या मागून दोऱ्यासारखं ओढलं गेलं. राहिलं ते केशरी, तेही अर्धंच.

मी म्हणालो, "तुम्ही मधे बोललात म्हणून हात हलला."

ते काही बोलले नाहीत. बाटली उचलली, नाकाजवळ नेली, तिचं झाकण शोधलं, ते वाटीच्या मागे पडलं होतं, घट्ट लावलं. "झाकण लावत जा," म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी बहीण आली. तिने हाच तुमचा प्रश्न विचारला. अण्णा समोर बसून चहात बिस्किट बुडवत होते. मी म्हणालो, "अण्णांनी हात लावला." त्यांच्यासमोर. ते बिस्किट तुटून कपात पडलं, ते चमच्याने काढत राहिले. म्हणाले, "हं."

इथवर असतं तर मी कदाचित आठवड्याभरात चुकलो म्हणालो असतो. पण पुढच्याच महिन्यात त्यांचे ओझरचे दोन जुने सोबती घरी आले, कपाटाकडे बघितलं, आणि अण्णाच हसत म्हणाले, "पोराचं विमान मी बिघडवलं." पंख्याखाली बसून, माझ्याकडे न बघता. त्यानंतर २०१९ला ते गेले तोवर जो येईल त्याला ते हेच सांगायचे. रंगवून सांगायचे. थरथरता हात कसा गेला तेसुद्धा. हात थरथरत नव्हता त्यांचा.

ते मला वाचवत होते? का दर वेळी एक एक टोला देत होते? बहीण म्हणते, त्यांना खरंच तसंच आठवायला लागलं असेल. आई म्हणते, तुझ्यापेक्षा त्यांचं जास्त गेलं होतं त्या विमानात. मला यातलं एकही पटत नाही आणि रात्री सगळंच पटतं.

आता सल्ले. नवीन शीट मागव. अहो, खणात तीन आहेत. "शीट मिळत नाही" असंही मी काही जणांना सांगितलंय, तेही खोटं. काम पंधरा मिनिटांचं. एका शाळेच्या प्रदर्शनात हे विमान नेलं होतं, तेव्हा मी माइकवर म्हणालो होतो की काही गोष्टी अपुऱ्याच शोभतात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ते वाक्य टाळ्यांसाठीच होतं. आज ते आठवलं की कानशिलं तापतात. अपुरं काही शोभत नाही. अण्णांना विचारलं असतं तर म्हणाले असते, अर्धवट मार्किंगचं विमान हँगरबाहेर निघत नाही.

तरीही मी ते चक्र लावलेलं नाही. माझी बाजू ऐका. लावलं की कोणी विचारणार नाही, आणि कोणी विचारलं नाही तर "अण्णांनी हात लावला" हेच शेवटचं उत्तर राहील. हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो आणि मला ते पटलेलंही होतं. पण आता तर मी सगळं लिहूनच टाकलं. म्हणजे ती सबब गेली. मग उरलं काय? लॅम्पखाली पंख तिरका धरला तर जिथे चक्र असायला हवं तिथे चांदीला एक मंद गोल डाग दिसतो, त्या जहाल थेंबाने लॅकर खाल्लाय तो. नवीन डिकॅल बसवायचं तर आधी तो डाग पाणीपेपरने घासून पुन्हा काळा, पुन्हा चंदेरी. तेवढाच तुकडा वेगळा उठून दिसेल. म्हणजे अख्खा पंख. ही तांत्रिक अडचण आहे, खरीच आहे, आणि मी ती किती आनंदाने सांगतोय हे माझ्याही लक्षात येतंय.

तीन शीटांपैकी एक इतक्या वर्षांत पिवळी पडलीय. अशी शीट पारदर्शक पिशवीत घालून काचेला आतून चिकटवतात; उन्हाने पिवळेपणा उतरतो. गेले तीन आठवडे ती स्वयंपाकघराच्या खिडकीला आहे. पांढरं कडं बऱ्यापैकी पांढरं झालंय. परवा भाचीने विचारलं, मामा, हे काय लावलंयस? म्हटलं, काही नाही, ऊन देतोय.