पाठीच्या गळ्याची सुईलेस : तिसऱ्या पानापर्यंत

पाठीच्या गळ्याला लावायला सुईलेस करतोय, म्हणजे खाली कापड न घेता नुसत्या सुईदोऱ्याने विणलेली लेस. झाडाच्या पानाच्या आकाराचे पाच तुकडे. पाच पानांपैकी दोन सुटी झाली, तिसरं अर्ध्यावर आहे. प्रत्येक पान ६ सेंमी लांब, मधे ३ सेंमी रुंद, मधोमध शीर. शिरेच्या डावीकडे दाट भरण, उजवीकडे जाळी. दोन्हीकडे टाका एकच, काजे टाका. शर्टाच्या काजाला घालतो तोच. फक्त इथे खाली कापड नसतं, वरच्या ओळीचे फास असतात. सोळाव्या शतकात इटलीत या कामाला 'पुन्तो इन आरिया' म्हणायला लागले, म्हणजे हवेतला टाका.

पाया असा बांधला : मांजरपाटाचे दोन थर, त्यावर कागदावर काढलेलं पान, त्यावर वह्यांना लावतात ते चिकट पारदर्शक कव्हर. कागद निळा घ्या. पांढऱ्या कागदावर पांढरा दोरा दिसत नाही आणि तासाभरात डोळे दुखायला लागतात. रेघेवर ४० नंबरच्या क्रोशाच्या दोऱ्याचे दोन पदर शेजारी शेजारी ठेवून साध्या शिलाईच्या दोऱ्याने दर २ मिमीवर आडवा टाका घेऊन टाचले. हे पदर म्हणजेच बाह्यरेघ. टाचायचा दोरा वेगळ्या रंगाचा असावा, शेवटी तोच कापायचा असतो. टाके ४ मिमीवर गेले की भरण ओढताना बाह्यरेघ रेघ सोडून आत येते. पहिल्या पानाचं टोक त्यामुळेच बोथट झालंय.

भरणाला ८० नंबरचा दोरा आणि २६ नंबरची बोथट टेपेस्ट्री सुई. टोकदार सुईच हाताशी असेल तर नेढ्याकडून घाला, म्हणजे दोऱ्याचे पदर फाटत नाहीत. भरणाची सुई कागदात किंवा कापडात कुठेही शिरता कामा नये, ती फक्त फासांतून आणि बाह्यरेघेखालून जाते.

दाट भरण : डावीकडून उजवीकडे काजे टाके, सेंटिमीटरला सहा. ओळ संपली की बाह्यरेघेखालून सुई काढून एक वेढा. मग दोरा सरळ डावीकडे आणायचा, तिथे पुन्हा वेढा. पुढच्या ओळीत प्रत्येक टाका वरचा फास आणि हा आडवा दोरा, दोन्ही मिळून उचलतो. पान रुंदावतं तिथे ओळीच्या सुरुवातीला बाह्यरेघेतच एक जादा टाका, निमुळतं होतं तिथे शेवटचा फास सोडून द्यायचा.

जाळीला आडवा दोरा नाही : दोन टाके, मग दोन टाक्यांएवढी जागा, पुन्हा दोन टाके. परतीच्या ओळीत दोन टाके त्या मोकळ्या फासात.

तिसरं पान अडलं ते आडव्या दोऱ्यापायी. टाके सगळीकडे सारखे होते, मोजून सहाच, तरी चौथ्या ओळीनंतर पान कमरेत आत आलं. आडवा दोरा ताणून बांधला की ओळ बाह्यरेघेला आत खेचते; टाक्यांचा ताण कितीही चांगला असला तरी मग उपयोग नाही. आता दोरा नुसता टेकवून ठेवायचा, ओढायचं पुढच्या ओळीतल्या टाक्यांनी. ओळ झाली की नखाने वर सरकवायची. चार ओळी उसवाव्या लागल्या. कात्री नको, सुई काढून टोकाने एकेक फास सोडवला तर तोच दोरा पुन्हा चालतो, फक्त थोडा केसाळ होतो.

दोरा ६० सेंमीहून लांब घेऊ नका, गुंता आणि मळ दोन्ही वाढतात. मधल्या ओळीत जोड देता येत नाही, म्हणून ओळ सुरू करताना रुंदीच्या सहापट दोरा उरलाय का ते पाहायचं. कमी असेल तर तिथेच बाह्यरेघेत लपवून संपवायचा.

ठाण्याच्या दमट हवेत सुई दोन दिवसांत करकरायला लागते आणि पांढऱ्या दोऱ्यावर गंजाचा ठिपका उमटतो. सुया सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत. ठिपका पडलाच तर लिंबू-मीठ लावून उन्हात, मग लगेच धुवायचं. चालू पानाभोवती खिडकी कापलेलं कापड टाचलं की घामाचे हात भरणाला लागत नाहीत. ८० नंबरचा दोरा जांभळी नाक्याच्या बाजारात मिळाला नाही तर एकाच लॉटचा पुरेसा मागवा, दोन लॉटांचा पांढरा जुळेलच असं नाही.

एका पानाला अकरा तास गेले. फ्रान्सच्या आलांसों लेसला, जी २०१० पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, एका चौरस सेंटिमीटरला सात तास लागतात. तिचा दोरा कितीतरी बारीक, तेव्हा तुलना नको.

सोडवण्याआधी बाह्यरेघेवर आणखी दोन पदर ठेवून दाट काजे टाके, कंगोरा बाहेरच्या बाजूला. मग कापडाचे दोन थर उघडून मधले टाचायचे टाके कापायचे, लेसच्या बाजूने कधीच नाही. उरलेले रंगीत तुकडे चिमट्याने. खळ तांदळाची, पातळ. जुलैत ती नीट वाळत नाही आणि बुरशी धरते, म्हणून खळ दिवाळीनंतर. पानं गळ्याला हेमिंगने जोडून झाल्यावरच पानांखालचं गळ्याचं कापड कापायचं.

चौथ्या पानाला टाचायचे टाके १.५ मिमीवर घेतोय.