सीएनजी नेक्सॉन, मागे आई-पोरं आणि फुल्ल डिकी: दादर ते चिपळूण

गाडी घेताना आमची अट एकच, सीएनजी पाहिजे पण सिलेंडरने डिकी खाल्लेली नको. आम्ही दोघं, आई आणि दोन पोरं, जाताना बॅगा आणि येताना तांदूळ, नारळ, आगळाच्या बाटल्या, कोकणातनं रिकाम्या हाताने कोण येतं! आम्ही बघितली तेव्हाच्या ब्रेझात ५५ लिटरचा एकच सिलेंडर डिकीत होता आणि इंजिनची ताकद पेट्रोलवर १०३ पीएस असते ती सीएनजीवर ८८ होते, म्हणून ती नाही घेतली. टाटा पंच आणि ह्युंदाई एक्स्टरमध्ये दोन छोटे सिलेंडर डिकीच्या फ्लोअरखाली, आयडिया झकास, पण मागे तिघं बसले की दाटी होते. शेवटी नेक्सॉन, ३०-३० लिटरचे दोन सिलेंडर, टर्बो इंजिन आणि ३२१ लिटरची डिकी.

पण नुसत्या लिटरवर जाऊ नका. खाली सिलेंडर असल्यामुळे फ्लोअर वर येतो, खोली कमी मिळते, त्यामुळे मोठी ट्रॉली बॅग उभी नाही तर आडवी टाकायची आणि वरच्या जागेत मऊ सॅक कोंबायच्या. शोरूमला जाताना घरातली सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या आणि डिकीचं दार बंद करूनच बघा, सेल्समन काय बोलतोय ते नंतर. आता घेणाऱ्यांनी मारुतीची व्हिक्टोरिसपण बघा, तिच्यात टाकी गाडीच्या पोटाखाली आहे.

रस्त्याचं म्हणाल तर पहाटे निघा, गॅस आदल्या रात्री उशिराच भरून ठेवा. पळस्प्यानंतर काटा अर्ध्यावर आला आणि पंपावर लाईन छोटी दिसली की भरून घ्यायचाच, पुढच्या पंपावर प्रेशर मिळेलच असं नाही, आणि प्रेशर कमी असलं तर तासभर थांबूनही टाकी अर्धवटच भरते. गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला दाराकडेच बसवलं आणि तिच्या पायाशी एकही पिशवी ठेवली नाही, हे खरंच लक्षात ठेवा. पेट्रोलची टाकीही रिकामी ठेवू नका, गणपतीत माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर तेच कामाला येतं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाचं टेन्शन गेलं, भरलेली गाडी सीएनजीवरच आरामात गेली, फक्त ओव्हरटेक करताना जरा आधीपासून अंदाज घ्यावा लागतो.

आणि सेकंडहँड घेत असाल तर सिलेंडरच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने सिलेंडर तपासतात ती) तारीख बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, ती टेस्ट दर ३ वर्षांनी करावीच लागते.