बसून तर होता, मग दमला कसा?

कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचा फिटनेस बघणं हा माझा उद्योग. त्यामुळे रात्र जागून चॅम्पियन्स लीग बघितलेली मंडळी सकाळी चहाच्या गाड्यावर मला गाठतात, आणि प्रश्न ठरलेला असतो. "काय ओ सर, पंचाहत्तराव्या मिनिटाला बदली म्हणून आत गेलेला गडी ऐंशीव्याला कमरेवर हात ठेवून धापा टाकतोय. बाकीचे सव्वा तास पळालेत, हा तर बसून होता. मग दमला कसा?" विचारणाऱ्याच्या आवाजात 'एवढे पैसे कशाचे घेतात हे' असाही सूर असतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा सविस्तर सांगतो. गाड्यावर उत्तर निम्म्यावर येईतो चहा संपलेला असतो.

आधी त्या धापेचं बघू. माणूस एकदम जोरात पळायला लागला की स्नायूंना हवा तेवढा प्राणवायू त्या क्षणी मिळत नाही. हृदयाला, फुफ्फुसांना त्या वेगाशी जुळवून घ्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर शरीर उसनवारीवर काम भागवतं आणि ती उधारी मग धापा टाकत फेडावी लागते. पहिल्या अकरात असलेल्यांचंही सुरुवातीला हेच होतं, पण तेव्हा मैदानावरचे सगळेच एका पातळीवर असतात, त्यामुळे ते आपल्या डोळ्यांवर येत नाही. बदली खेळाडू उतरतो तो रंगात आलेल्या सामन्यात.

त्यात तो पळतोही जास्त. मिनिटामागे हिशेब केला, तर ज्याच्या जागी तो आला त्याच्यापेक्षा त्याचं वेगात पळालेलं अंतर जास्त भरतं, हे अनेक अभ्यासांत दिसून आलंय. कारण सरळ आहे. नव्वद मिनिटं काढायची असलेला माणूस नकळत हात राखून पळतो, कुठला चेंडू सोडून द्यायचा ते त्याला कळतं. पंधरा मिनिटंच मिळालेला कशाला राखून ठेवेल? शिवाय पुढच्या शनिवारी पहिल्या अकरात यायचं तर जे दाखवायचं ते आत्ताच.

आता सुरुवातीपासून खेळणाऱ्याचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मी बेंचचीच वकिली करतोय. युरोपातल्या वरच्या दर्जाच्या सामन्यात मधल्या फळीतला खेळाडू साधारण 10 ते 13 किलोमीटर अंतर तोडतो. त्यातलं बरंचसं चालणं आणि दुडकी चाल. खरा कस लागतो तो ताशी 20 किलोमीटरच्या वर पळण्यात. ते अंतर एकूण किलोमीटरभर किंवा त्याहून कमीच असतं, पण स्नायू फाटतात ते तिथेच. त्यात थांबणं, वळणं, पुन्हा सुटणं. सामन्याच्या शेवटी मांडीतला साखरेचा साठा बराचसा रिकामा झालेला असतो आणि तो भरून, स्नायूंची झीज निघून पाय मोकळे व्हायला दोन ते तीन दिवस जातात. शनिवार, बुधवार, शनिवार असे सामने लागले की दुसऱ्या शनिवारी मांडी धरून बसलेला खेळाडू दिसतो, तो याच हिशेबातला.

मग बदली खेळाडूला कशाची भीती? पहिली, गार पडण्याची. डॅनिश संशोधकांनी मोजून दाखवलंय की हाफ टाइमला पंधरा मिनिटं नुसतं बसून राहिलं तरी मांडीच्या स्नायूचं तापमान जवळपास दोन अंशांनी उतरतं आणि नंतरच्या स्प्रिंट मंदावतात. बेंचवरचा तासभर बसलेला असतो, तोही जानेवारीतल्या मँचेस्टरच्या थंडीत. टीव्हीवर मागे दिसतं बघा, कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी तिघं-चौघं गुडघे उचलत, आडवे पळत असतात. ते परत येऊन बसतात, कोट चढवतात, दहा मिनिटांनी पुन्हा उठतात. आपला नंबर चाळिसाव्या मिनिटाला लागणार की पंच्याऐंशीव्या, की लागणारच नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. आणि त्या चिंचोळ्या पट्टीत कितीही उड्या मारल्या तरी पूर्ण वेगात पळायला मिळत नाही. तो वेग लागतो एकदम आत गेल्यावर, पहिल्याच लांब चेंडूवर.

हे जमवणारे असतात. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध जपानचे दोन्ही गोल बदली खेळाडूंचे होते, त्यातला रित्सू दोआन आत येऊन चारेक मिनिटंच झाली होती. 2024 च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, उपांत्य फेरीत इंग्लंडचा ऑली वॉटकिन्स 81 व्या मिनिटाला आला आणि भरपाई वेळेत नेदरलँड्सविरुद्ध गोल करून गेला. आपण टाळ्या वाजवतो त्या गोलाला. माझं लक्ष असतं ते बेंचवरून उठलेला माणूस पहिल्या स्प्रिंटनंतर मांडीला हात लावतो का, याच्याकडे.

दुसरी भीती जास्त मोठी, आणि ती टीव्हीवर दिसत नाही. नियमित खेळणाऱ्याला आठवड्याचा पूर्ण वेगातला व्यायाम सामन्यातच मिळतो. बदलीला तो कुठून मिळणार? लोक म्हणतात, सरावात. पण सराव बहुतेक छोट्या जागेत चालतो, चारास चार, पाचास पाच. तिथे वळणं आणि झटके भरपूर, पण तीस-चाळीस मीटर मोकळं पळायला जागाच नसते. आठवड्यात दोन सामने असले की सरावसुद्धा हलका, कारण मुख्य अकरांना विश्रांती द्यायची असते. म्हणजे विश्रांती त्यांची आणि उपास याचा. असे तीन-चार आठवडे गेले आणि मग कडेनं पळणारा मुख्य खेळाडू, म्हणजे विंगर, जायबंदी झाला, की हाच पोरगा एकदम नव्वद मिनिटांना उभा. हॅमस्ट्रिंग जाते ती अशा वेळी. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मांडीच्या मागच्या या स्नायूची दुखापत सगळ्यात नेहमीची. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या पाहणीत एकूण दुखापतींमधला तिचा वाटा 2001-02 मध्ये 12 टक्के होता, तो 2021-22 पर्यंत 24 टक्क्यांवर गेला. याला बेंच एकटा जबाबदार नाही, सामन्यांचा वाढलेला वेग आणि गच्च भरलेलं वेळापत्रकही आहे.

म्हणून सामना संपल्यावर चॅनेल लगेच बदलू नका. प्रेक्षक पांगत असतात, मुख्य खेळाडू आत गेलेले असतात, आणि बेंचवरचे पाच-सहा जण या पेनल्टी बॉक्सपासून त्या पेनल्टी बॉक्सपर्यंत पळत असतात. फिटनेस कोच घड्याळ धरून उभा, पाठीवर जर्सीखाली जीपीएसचं यंत्र, आणि न खेळलेल्या मिनिटांची भरपाई मीटरमध्ये चाललेली. दहा मिनिटं खेळलेल्याला यातून सूट नसते. कोणी किती कमी खेळला, त्यावर कोणी किती पळायचं ते ठरतं.

एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1956 च्या इंग्लंडमधल्या एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमन मानेचं हाड मोडलेलं असताना शेवटपर्यंत खेळला, कारण तेव्हा बदली खेळाडूच नव्हते. इंग्लिश लीगमध्ये ते आले 1965 साली, तेही फक्त जखमीच्या जागी. वर्ल्ड कपमध्ये 1970 ला. एका सामन्यात पाच बदलांची सवलत कोरोनाच्या गर्दीत, 2020 मध्ये आली आणि 2022 मध्ये नियमात कायम झाली. मधल्या काळात इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या क्लबांनी ती मतदानानं नाकारली होती, कारण भरलेला बेंच श्रीमंतांचाच असतो. तक्रार खरी होती, तरी माझं मत पाचच्या बाजूनं. गोलकीपर सोडून उरलेल्या दहापैकी निम्म्या जणांच्या पायांना वीस-पंचवीस मिनिटं कमी लागली तर मार्च-एप्रिलपर्यंत संघ उभा राहतो, आणि बेंचवरच्यांनाही मिनिटं मिळतात.

यावर हमखास उपप्रश्न येतो, "मग बदलीला उतरलेल्यानं दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यायची का?" नाही. सुट्टी नव्वद मिनिटं खेळलेल्याची. त्यानं सायकल मारावी, जेवावं, झोपावं. आमच्याकडे सामना संपला की मैदान लगेच सोडावं लागतं, म्हणून मी बेंचवरच्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बोलावतो. नीट वॉर्म-अप, मग चाळीस मीटरच्या सहा ते आठ स्प्रिंट, प्रत्येकीनंतर पूर्ण दम खाऊन. पोरं कुरकुरतात, "सर, खेळलोच नाही तर पळायचं कशाला?" खेळला नाहीस म्हणूनच, असं म्हणून मी शिट्टी वाजवतो.