झाडीपट्टीचं नाटक बघायचं तर मे महिन्यात येऊ नका

"मुलांच्या परीक्षा झाल्या की मे महिन्यात येतो. झाडीपट्टीचं नाटक आणि जंगल, दोन्ही एका फेरीत होईल ना?" हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

मे महिन्यात जंगल दिसेल, नाटक दिसणार नाही. झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातला जंगलाचा आणि धानाचा, म्हणजे भाताचा, पट्टा. इथली रंगभूमी धानाच्या हिशेबाने चालते. धान घरात आलं, दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती लागतात. दिवसा पट, रात्री नाटक. होळीच्या सुमारास हे सगळं आटपतं. पुढे लोक मोहफुलं, मग तेंदूपत्ता (बिडीची पानं) गोळा करायला जंगलात जातात, आणि ब्रह्मपुरीचा पारा 45 च्या वर. म्हणून होळीच्या आधीचे पंधरा दिवस धरा. पळस फुललेला असतो, रात्री अजून गारवा असतो. होळी उशिरा येते त्या वर्षी मोहही गळायला लागलेला असतो. असं वर्ष मुळीच सोडू नका.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. नाटकासाठी इथेच यायचं. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. पाट्यांवर देसाईगंज लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, गाव तेच. रेल्वेने यायचं तर गोंदिया–बल्लारशा मार्गावर स्टेशनचं नाव वडसाच आहे. नाटक कंपन्यांचं बुकिंग इथूनच चालतं. आज रात्री कुठे काय आहे ते चौकातल्या पोस्टरवर कळतं, नाहीतर चहाच्या टपरीवर विचारा. गावासोबत तालुकाही विचारून घ्या, कारण एकाच नावाची चार गावं असतात.

पत्रकावर नऊ-दहाची वेळ असली तरी जेवणंखाणं उरकून गाव जमल्याशिवाय पडदा उघडत नाही. आणि एकदा उघडला की पहाटेपर्यंत. बऱ्याच गावांत मागच्यालाही दिसावं म्हणून बसायची जागा खणून उतरती केलेली असते. खालचं, म्हणजे जमिनीवर बसायचं, तिकीट घेतलंत तर मध्यरात्रीनंतर त्या मातीचा गारवा अंगात शिरतो. जाड सतरंजी आणि शाल हवीच. गाणी रंगमंचाशेजारी बसलेले वादक प्रत्यक्ष वाजवतात, त्यामुळे बाजूच्या कडेला बसा, त्यांचे हात दिसतात. आणि हे हौशी गावनाटक समजून अर्ध्यात उठू नका. याच रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

सगळ्यात मोठी चूक होते ती नाटक सुटल्यावर. झोपाळलेल्या डोळ्यांनी लोक गाडी काढतात आणि जंगलाच्या रस्त्यावर रानडुक्कर, नाहीतर चितळ आडवं येतं. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ अभयारण्याबाहेरही फिरतात. उजाडेपर्यंत गावातच थांबा, गाडीत झोप काढा. मोह गळायला लागला असेल तर उजाडल्यावर रस्त्याकडेला झाडाखाली बायका टोपल्या घेऊन वेचताना दिसतील. फुलं पहाटे गळतात, फिकट पिवळी, रसाने फुगलेली, बोटांना चिकटणारी. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन काळी केलेली असते, म्हणजे फूल चटकन दिसतं. जंगलात वणवे लागतात त्यामागे हेही एक कारण आहे. बघायचं ते रस्त्यावरून बघा, आत शिरू नका. मोहावर अस्वलाचाही डोळा असतो.

त्या दिवशी सकाळची सफारी ठेवू नका, झोपेत वाघही दिसणार नाही. दुपारची फेरी घ्या किंवा सरळ अर्जुनी मोरगाववरून नवेगावबांधच्या तलावावर जा. संध्याकाळी पाण्यावर ऊन उतरतं तेव्हा तिथे दोन तास नुसतं बसावं. ताडोबा जोडायचा असेल तर बुकिंग आधी करा, मंगळवारी बंद असतो. आणि नकाशात नुसतं 'नवेगाव' टाकू नका. ताडोबाच्या एका गेटचं नावही नवेगावच आहे. तलाव हवा असेल तर 'नवेगावबांध' असं पूर्ण लिहा, जिल्हा गोंदिया.