हललं, पण आम्हाला नाही सांगितलं

काल सकाळी दुधाचा हिशोब करत बसलो होतो तर इचलकरंजीच्या आत्याचा फोन. "अरे बारकीकडं भूकंप झाला म्हणं, बरी हाय न्हवं?" बारकी म्हणजे आमची पोरगी, जपानात सेंदाईला असते. मला काय बोलायचं सुचेना. हो हो बरी आहे म्हटलं आणि फोन ठेवून आधी व्हॉट्सॲप उघडलं. बारकीचा शेवटचा मेसेज आदल्या दिवशीचा, रामेनच्या वाडग्याचा फोटो आणि खाली 'पप्पा, तिखट अजिबात नाही'. भूकंपाचं अवाक्षर नाही. नंतर कळलं की भावंडांच्या ग्रुपवर रात्रीच टाकलं होतं तिनं, 'हललं की रे इथं, पाळण्यात बसल्यागत वाटलं', खाली सगळ्यांचे हसरे चेहरे.

फोन केला तर म्हणते, "पप्पा शिंदो तीनच होता, उगाच तुमची झोपमोड कशाला." शिंदो म्हणजे तिथं जमीन किती हलली त्याचं जपानी माप. आणि झोपमोड कसली, जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, तिच्याकडं रात्रीचा एक म्हणजे इथं साडेनऊ, आम्ही टीव्हीसमोर बसलेलो. ते मी बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं का, माहीत नाही.

भीती वाटली का, तर वाटली. सेंदाईला जायचं ठरलं तेव्हाच वाटली होती. ११ मार्च २०११ चा तो ९ मॅग्निट्यूडचा भूकंप, सेंदाईच्या विमानतळावर पाणी शिरलेलं, तरंगत जाणाऱ्या गाड्या, ते सगळं आपण टीव्हीवर बघितलेलं आहे. हिनं तर तेव्हा नावच काढू नको म्हटलं होतं. पण कालपासून जे टोचतंय ते भीतीचं नाही. तिच्या पायाखालची जमीन हलली आणि मला ते आत्याकडनं कळलं, एवढंच आहे ते.

आमच्या घरात भूकंप म्हणजे पहिल्यांदा एकमेकांना विचारायची गोष्ट. कोयनेकडचे धक्के इथं अधूनमधून जाणवतात, मांडणीवरची भांडी जरा वाजली की माणसं गल्लीत येऊन विचारतात, "तुमच्यात कळलं काय?" आणि लगेच फोन सुरू, सांगलीला, कराडला, आत्याला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा मोठा झाला तेव्हा आई मला कडेवर घेऊन अंगणात पळाली होती, हे ती शेवटपर्यंत सांगायची. बारकीनं ते कितीदा ऐकलंय. लहान होती तेव्हा पंखा जरा हलला तरी पळत येऊन विचारायची, पप्पा भूकंप झाला काय. तीच पोरगी आता खरोखर हलल्यावर कूस बदलून झोपते. चांगलंच आहे की, पण मग मला एवढं का लागावं?

काल दिवसभर वाचत होतो. मॅग्निट्यूड म्हणजे भूकंपाची स्वतःची ताकद, ती एकच असते, आणि शिंदो म्हणजे तुम्ही जिथं आहात तिथं किती हललं ते, म्हणून एकाच भूकंपाला गावागावात शिंदो वेगळा. शून्यापासून सातपर्यंत, त्यातही पाच आणि सहाचे दोन-दोन भाग. तीनला घरातली कपबशी वाजते, बहुतेकांना कळतं, एवढंच. म्हणजे ती खोटं बोलली नव्हती. आणि त्या लोकांनी १७१ नंबर ठेवलाय, मोठी आपत्ती आली की त्यावर आपला आवाज रेकॉर्ड करायचा, मी बरा आहे, अमुक ठिकाणी आहे, आणि घरचे तो नंबर लावून ऐकतात. १९९५ ला कोबेचा भूकंप झाला तेव्हा फोनच लागेनात, त्यानंतर काढलेली सोय. म्हणजे घरच्यांना कळवणं ही त्यांनी पण मोठीच गोष्ट धरलीय. हे वाचून परत मन खट्टू झालं, काय करणार.

रात्री जेवताना हिला सांगितलं तर ही म्हणाली, "दोन हजार एकोणीस आठवतंय काय?" आठवतंय की, कोल्हापूरचा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेला ४३ फुटाला धोका, आणि पाणी गेलं ५५ च्या वर, शाहूपुरीत कुंभार गल्लीपर्यंत आलेलं, हायवे शिरोलीजवळ बंद, बारकी पुण्यात अडकलेली. तासातासाला फोन, पप्पा आता किती फूट? मी फ्रिज टेबलावर चढवत होतो, गहू माडीवर नेत होतो, सारखं काय विचारतीस म्हणून फोन हिच्याकडं दिला. हलत असताना, पाणी चढत असताना माणूस त्यातच असतो. लांबचा माणूस आकडे बघत बसतो. आता लांबचा मी आहे.

आज तिनंच आपणहून फोन केला. म्हटलं, रात्री कितीही वाजले असले तरी सांगत जा, एक ओळ पुरे. "बरं, सांगतो." मग मी विचारलं, कपाट पडायचं नाही ना गं अंगावर? तर तिनं व्हिडिओवर दाखवलं, कपाटाच्या डोक्यावर दोन बाजूला दोन दांडे, वर छताला टेकलेले, मधे आटे आहेत, फिरवलं की दांडा लांब होतो आणि कपाट वरखाली आवळून धरतो, दोन्ही टोकांना रबरी चकत्या. तीस वर्षं शिरोलीच्या कारखान्यांत काढली मी, हे काम बघून बरं वाटलं. पलंगाखाली बूट पण ठेवलेत, काचा फुटल्या तर पाय कापायला नकोत म्हणून, ते तिथल्या मैत्रिणीनं शिकवलं. तिला म्हटलं, दांड्याची जाडी आणि चकतीचं माप पाठव. ही विचारते कशाला. आमच्या मांडणीला नको का? कोयना काय लांब आहे. फक्त वर पीओपी असलं तर उपयोग नाही, दांडा टेकायला स्लॅबच पाहिजे, तो आपल्याकडं आहेच. माप आलं की सोमवारी शिरोलीला करायला टाकतो.